सहा पावलं गवत

ही धावपट्टी म्हणजे मुळात कुरणच.
सातशे मीटर. एका टोकाला पत्र्याची शेड,
दुसऱ्या टोकाला निलगिरीची रांग, आणि तिच्याही अलीकडे
गुरांसाठी घातलेलं पाचपदरी तारेचं कुंपण.
इथलं गवत मी कापतो. अकरा वर्षं, दर मंगळवारी,
ऊर्दानिसच्या जुन्या ट्रॅक्टरनं.

नोव्हेंबरात पट्टीच्या मध्यावर, जरा डावीकडे,
टिटवीनं चार अंडी घातली.
घरटं कसलं, गाईच्या खुराचा खळगा आणि चार काड्या.
मी ट्रॅक्टर वळवला.
सहा पावलं लांब, चार पावलं रुंद
गवत तसंच सोडलं. गुडघाभर झालं ते.
कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं?

शनिवारी दुपारी एक वाजता ऊन असं
की पत्र्यावर राहिलेला पाना हातात धरवेना.
पुढे ऊर्दानिस, शेजारी त्याचा मेहुणा नेस्तोर,
मागे शाळेच्या ओफेलियाबाई, रोसारियोला बहिणीकडे निघालेल्या,
मांडीवर आटवलेल्या दुधाच्या बरण्यांचं खोकं.
बाईंच्या बाजूच्या सीटवर नेस्तोरचा पाण्याचा पंप,
दुरुस्तीला न्यायचा. सुतळीनं बांधलेला.
टाक्या काठोकाठ. मीच भरल्या.
वाऱ्याची पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती.

विमान सुटलं.
मी शेडच्या सावलीत, कानांवर हात.
टिटवी उठली आणि किंचाळत भलतीकडेच गेली,
नेहमी जाते तशी.
आमच्याकडे म्हणतातच,
टिटवी ओरडते एकीकडे, अंडी दुसरीकडे.
चाक त्या गवतातून गेलं की बाजूनं
ते मी पाहिलं नाही.
मी टिटवीकडे पाहत होतो.

पुरुषभर उंच उठलं. तिथंच राहिलं क्षणभर,
पायरी चुकलेल्या माणसासारखं,
मग खाली.
तारा तुटताना पाच वेगवेगळे सूर येतात
हे मला माहीत नव्हतं.

आग लागली नाही.
ओफेलियाबाई पट्ट्याला लोंबत होत्या, अंगभर तपकिरी ओघळ.
रक्त समजून मी ओरडलो, तर त्या म्हणाल्या,
"झाकणं घट्ट लावली होती हो मी."
ऊर्दानिसचं गळ्याचं हाड मोडलं.
नेस्तोरला शेवटी काढलं. घाई उरली नव्हती.
सुतळी तुटली होती.

रविवारी उजाडायच्या आत मी ट्रॅक्टर काढला.
अंडी आधी टोपीत घेतली, कोमट होती,
कुंपणापाशी एका खळग्यात ठेवली.
मग ती सहा पावलं कापली.
दोन फेऱ्यांत झालं. गवत खोरून गुरांपुढे टाकलं.
गुरांनी खाल्लं.

मंगळवारी राजधानीतून चौकशीचा अधिकारी आला,
कोवळा पोरगा, बुटांना नवी लेस.
ऊर्दानिस म्हणाला, इंजिन खोकलं.
मेकॅनिक म्हणाला, पेट्रोल जुनं.
नेस्तोरची बायको मेकॅनिककडे बघत राहिली,
तो माझ्याकडे.
पोरानं पंप वजनकाट्यावर ठेवला, उन्हाचा आकडा लिहिला,
कागदावर लांबलचक गुणाकार केला
आणि मान न वर करता विचारलं,
"गवत केव्हा कापलंत?"
"मंगळवारी," मी म्हणालो. "दर मंगळवारी कापतो."
त्यानं लिहून घेतलं.

आम्ही पट्टीच्या मध्यावर उभे होतो, जरा डावीकडे.
टिटवी डोक्यावर घिरट्या घालत होती,
इतकी खाली की पंखांचा वारा लागावा.
ती कुठं जाईना. तिथंच, त्याच जागेवर,
घसा फुटेस्तोवर ओरडत होती.

पोरगा हसला. शाळेत शिकलेली म्हण त्यालाही येत होती.
"म्हणजे घरटं इथं नाही," म्हणाला,
आणि पाय जपून टाकत
पार दुसऱ्या बाजूच्या गवतात बघायला गेला.