सातवा पंखा

खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये
चहाच्या पिंपाशेजारी मी टॅबलेट मांडते.
बाहेर नांतग्रागचा डोंगर, अर्धा ढगात.
आत, काचेवर, तोच डोंगर लख्ख उन्हात,
त्याच्या कण्यावर नऊ पांढरे पंखे
फिरतायत.

"बोट लावा," मी म्हणते, "स्वतःच्या दारातून बघा.
पटलं तर हिरवी टाचणी, नाही तर लाल.
कारण अडीचशे अक्षरांत."

तासभर कुणी बोट लावत नाही.
बिस्किटं संपतात.
मग शाळेतली दोन पोरं येतात
आणि लाल टाचण्यांनी डोंगरावर
एक डुक्कर काढून जातात, शेपटीसकट.
यंत्रणेत एक्केचाळीस हरकती नोंदल्या जातात.

हवेल प्रॉसर हेडफोन चढवतो.
त्याच्या अंगणात पंखा कसा ऐकू येईल
ते आम्ही तयार करून आणलंय.
डोळे मिटून ऐकतो, बराच वेळ.
"शेजारणीचं वॉशिंग मशीन," म्हणतो.
"ती जाऊन सहा वर्षं झाली.
चालेल मला."

हिरवी?
"थांब. हो म्हणालो नाही अजून."
मग त्या शुक्रवारचं सांगतो, फाटकाला कुलूप लागलं तेव्हाचं:
बापाचा डबा आतच राहिला,
आणि साहेबांच्या गाड्या दरीतून उतरल्या
त्या उतरल्याच.

माझ्या भाषेत याला शब्द आहे, मी म्हणते.
कुणी असं अर्ध्यात टाकून गेलं
की आम्ही म्हणतो, वाऱ्यावर सोडलं.
शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगते.
हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी हसतं.

"म्हणजे कोळसा संपला तेव्हा वाऱ्यावर सोडलंत
आणि आता वाऱ्याचेच पैसे होतात
म्हणून परत आलात."

अडीचशे अक्षरंही लागत नाहीत.
मी टाइप करते. रंग विचारते.
तो कप विसळायला निघून गेलेला.

एलिनेद काचेकडे बघतच नाही.
हातच्या कांकणाला आरसा कशाला,
असं काहीतरी वेल्शमध्येही असणार,
कारण ती काठी उचलते आणि थेट डोंगराकडे निघते.
मी मागे, टॅबलेट कोटाखाली धरून.

मेंढवाड्याच्या भिंतीशी पाऊस गाठतो.
काच मिचमिचते.
नऊच्या नऊ पंखे विझतात.

ती हात लांब करून काठी उभी धरते,
एक डोळा मिटते. "एवढा?"
मी अंतराचा हिशेब करते. "थोडा उंच."
काठी चार बोटं वर.
"एवढा?"
"एवढा."

एकेक करत ती सातव्यापाशी येते
आणि काठी हलवत नाही.
खाली तिच्या स्वयंपाकघराची खिडकी.
डिसेंबरात सूर्य कड्यामागेच असतो,
फक्त या खिंडीतून, अकरा दिवस,
रोज वीसेक मिनिटं टेबलावर येतो.
"त्या दिवसांत," ती म्हणते,
"मी टेबलावर काही ठेवत नाही."

दृश्य, आवाज, पक्षी, रस्ते, इतर.
मी 'इतर' निवडते.

आजोळच्या पठारावर पंखे आले
तेव्हा मामाला कळलं ते पोकलेन दिसल्यावर.
टाचणी नव्हती, काच नव्हती.
त्यानं कुठल्या उजेडासाठी काय रिकामं ठेवलं होतं
हे मीही कधी विचारलं नाही.
सुट्टीत जायचे, पंख्यांपुढे फोटो काढायचे.

आठ महिन्यांनी नवा नकाशा येतो.
सातवा पंखा चाळीस मीटर पूर्वेला.
कारण: तांत्रिक.
डुकराच्या एक्केचाळीस हरकती
आलेखात अजून तशाच, लाल, सगळ्यांत उंच.

आणि हवेलची ती टाचणी,
बिनरंगाची.
दर सोमवारी सकाळी यंत्रणा मला आठवण करते:
एक प्रतिसाद अपूर्ण.