पाण्याखालचे कुल्हड

सराफ्यात रबडी खाऊन झाली की वृंदा
कुल्हड टोपलीत टाकत नाही.
नळावर विसळते, ओढणीच्या टोकात बांधते,
आणि स्कूटरवर माझ्या पाठीला
ते घरापर्यंत टोचत येतात.

असे नऊ जमले तेव्हा
तिनं ते बादलीत बुडवले, दोन दिवस.
भाजलेली माती आतला श्वास सोडत राहिली,
बारीक बुडबुडे, एकामागून एक,
दिवा मालवल्यावरही ऐकू येतील असे.
मला ऐकू आले. तिला नाही म्हणे.

खाली सांवेरची काळी माती, मेव्हण्याच्या शेतातली,
पिठाच्या चाळणीनं चाळलेली
(चाळणी नंतर नवी घेतली, तो वेगळा विषय).
वर बोटभर नर्मदेची वाळू,
म्हणजे माती उसळणार नाही.
उसळली.
पहिला कुल्हड तिनं सरळ सोडला
आणि टाकीचा चहा झाला.
तीन गप्पी त्या चहात दिवसभर
पत्ता चुकल्यासारखे फिरत होते.
दुसरा तिनं तिरका धरून उतरवला,
झोपलेलं मूल खांद्यावरून गादीवर ठेवतात तसा,
हात लगेच काढून न घेता.

नळ आमच्याकडे एक दिवसाआड येतो.
नर्मदा घाट चढून येते इंदूरला,
येताना क्लोरीनचा वास घेऊन येते,
म्हणून पिंपात एक रात्र उघडी ठेवायची.
"थकून आलीये," वृंदा म्हणते, "बसू दे जरा."

मी एकदाच विचारलं होतं,
सगळा तळच मातीनं का भरत नाहीस?
थेट लाव की. जंगल होईल.
ती चिमट्यानं पात रोवत होती.
वर न बघता म्हणाली,
"आणि चौरसियाजींनी घर सोडा म्हटलं तर?"

दर अकरा महिन्यांनी करार.
आता सुदामानगर, त्याआधी बियाबानी, त्याआधी मूसाखेडी,
त्याच्या आधीचं घर दोघांना मिळूनही नीट आठवत नाही,
फक्त जिन्याची एक पायरी उंच होती.
भिंतीत खिळा ठोकला नाही आम्ही कुठेच.
घड्याळ फ्रिजवर, भिंतीला टेकवून.
तसेच हे कुल्हड:
एकेक उचलायचा, बादलीत ठेवायचा,
बादली मांडीत घेऊन टेम्पोत बसायचं.

पहिल्याच आठवड्यात सगळी पानं विरघळली.
जिन्सीतल्या रईसभाईनं आधीच सांगितलं होतं,
"भाभी, पत्ते गलेंगे. कुल्हड मत हिलाना."
तीन आठवडे आम्ही नऊ कुल्हड वाळू पाळली.
येणारे-जाणारे विचारायचे, टाकीत हे काय ठेवलंय?
वृंदा सांगायची, "मुळं."

आता पाती पाण्याच्या टोकाला पोचून
आडव्या झाल्यात. खाली सावली पडते.
एक गोगलगाय आलीये, कुणाबरोबर कोण जाणे,
तिच्याशी करार वगैरे काही नाही.

काल तिनं चौथा कुल्हड पुसायला उचलला
तर पाचवा हलला.
चौथ्यातून एक पांढरा धागा निघून
काठावरून उतरून, मधली दोन बोटं काच ओलांडून
पाचव्यात चढला होता
आणि तिथं स्वतःची एक पात उभी करून
बसला होता, कुणाला न विचारता.

मी कात्री आणली.
तिनं घेतली, ओट्यावर ठेवली.
करार संपायला एकोणचाळीस दिवस आहेत.
चौरसियाजी सकाळी जिन्यात हसले,
पण ते नेहमीच हसतात.

कोपरापर्यंत हात पाण्यात,
दोन्ही कुल्हड दोन तळव्यांवर तोललेले,
खाली ठेवायचे की नाही ते न ठरवता
ती म्हणाली,
"निळ्या बादलीचं तोंड किती इंच आहे रे?
मोजून सांग."