खालची ओळ

गिरीपेठचं आरटीओ, मे महिना, सकाळी साडेदहालाच
पत्र्याखालचं बाकडं बसवत नाही इतकं तापलेलं.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
‘लांजेवार काकू, पंचावन झाले ना तुमचे?
मंग पाचच वर्षं भेटतीन.’
दुकानदार सुट्टे देताना बोलतो तसं बोलला.
गल्ल्यात तेवढेच होते.

पहिल्या वेळी वीस मिळाली होती.
नव्वद साली, लुनावर,
चुन्याने आखलेला आठ काढला मी, पाय न टेकवता.
वीसचीच होते तेव्हा.
म्हणजे आत्तापर्यंत जगले तेवढं सगळं
पुन्हा एकदा, शिक्क्यासकट.
मग चाळिशीला दहा.
पन्नाशीला पाच.
आता पाच.

बाबांचा कायदा वेगळा होता, दर तीन वर्षांनी रांग.
कोराडीला कोळसा वाहायचे ते.
लायसन म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक,
आत फोटो, फोटोच्या खांद्यावर अर्धा शिक्का.
एकोणनव्वदच्या पोळ्याला बाबा गेले.
पुस्तकात तारीख होती नोव्हेंबर एक्क्याण्णवची.
सव्वादोन वर्षं ते पुस्तक
बाबांशिवाय ट्रक चालवायला पात्र होतं.
आईने ते डब्यात, रेशनकार्डाखाली ठेवलं.
ती तारीख आली त्या संध्याकाळी
बाहेर काढून, पदराने पुसून, परत ठेवलं.
मी भाकरी भाजत होते. मला वाटलं, साखर शोधते आहे.

चाळिशीनंतर डॉक्टरचा कागद लागतो.
समोरच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वर, डॉक्टर उमाटे.
‘खालून दुसरी ओळ वाचा.’
वाचली.
‘सगळ्यात खालची?’
तीही वाचली, न अडखळता.
‘वा, तरुण आहेत डोळे,’ म्हणत त्यांनी शिक्का हाणला.

तर आता सांगते.
ती ओळ मला दिसत नव्हती.
भिंतीवर राखाडी मुंग्या होत्या नुसत्या.
पण तीस वर्षं मी मेडिकलच्या डोळ्यांच्या ओपीडीत
ह्याच तक्त्याशेजारी छडी घेऊन उभी आहे.
ट, ग, र, ल, न.
झोपेत विचारा.
म्हातारे चुकतात तिथे माझे ओठ आधी हलतात,
आणि सीनियर सिस्टर ओरडतात, ‘कुंदा, सांगू नको!’

जिन्यात थांबले होते मी. खरंच थांबले होते.
चार पायऱ्या परत वर गेले.
कंपाउंडर शटर अर्धं ओढत होता,
म्हणाला, ‘जेवाची सुट्टी झाली बाई, काही राहिलं काय?’
नाही, म्हटलं. काही नाही राहिलं.

दुपट्टा बांधला, स्कूटी काढली.
वर्धा रोड.
हा रस्ता मला दिसतो, की पाठ आहे?
अजनीच्या पुढे हात आपोआप डावीकडे वळला,
जिथे वळण होतं,
तिथे आता मेट्रोचा खांब.
मागून ऑटोवाला, ‘ओ मावशी, पाहून चालवा नं!’

पाहून.
मग वाचायलाच घेतलं मी, मोठ्याने, दुपट्ट्याच्या आत.
गादी कारखाना. दातांचा दवाखाना.
प्लॉट विकणे आहे, बेसाजवळ.
येथे पंक्चर काढून मिळेल.
अडतीस वर्षांच्या माझ्या पोराला पहिलीत वाचायला शिकवलं
तसं, अक्षराला अक्षर जोडून.

चश्म्याचा नंबर उद्याच काढून घेईन.
पाच वर्षं. त्यातली तीन नोकरीत जातील.
उरलेल्या दोनांत कुठे जाईन ते अजून ठरलेलं नाही.

सिग्नलला पुढे रेतीचा ट्रक होता.
मागच्या फळीवर चिखलाने माखलेली पाटी.
एम एच एकतीस, मग दोन अक्षरं, मग सात, शून्य, चार,
आणि शेवटचा
तीन होता, की आठ?
हॉर्न वाजत होते.
मी गाडी जरा पुढे घेतली, बघायला.