हें उतर कोणाचें

पाटोवर तिसऱ्या मजल्यावर, काचेपलीकडे खाडी,
काचेअलीकडे मी आणि बावीस वर्षं जुना एक प्रोग्राम.
बागायतदार सोसायटीचा. नारळ, सुपारी, युरिया, पगार,
सभासदांचे शेअर, सगळं एकाच वळकटीत बांधलेलं.
कुणी सुपारीचा दर बदलला
की ड्रायव्हर लोकांच्या पगाराच्या स्लिपा कोऱ्या निघायच्या.
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
ज्याला ठाऊक होतं तो दुबईला.

मला म्हणाले, हे सोडव. वेगवेगळ्या सर्व्हिसेस कर.
पुस्तकात चौकोन होते, चौकोनांमध्ये बाण.
मीही काढले: अकरा चौकोन. बाण मोजले नाहीत.
दोन महिन्यांनी चालू केलं आणि
एका खोलीत भांडणारी माणसं
अकरा खोल्यांतून फोन करकरून भांडू लागली.
साठ्याची सर्व्हिस जरा पेंगली की दराची थांबायची,
दर थांबला की बिल,
आणि म्हापशाच्या काउंटरवरचा पोरगा
तेच बटण पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

शिरोड्याच्या रेमेदियस बाईंच्या दारात
चारशे नारळ उतरले. मागितले होते शंभर.
नातीचा रोस होता.
‘एवढ्या दुधात अख्खं शिरोडं न्हाऊन निघेल,’
बाई फोनवर म्हणाल्या, हसत की रडत, कळलं नाही.

एर्मेलिंडा मॅडम रागावल्या नाहीत.
ओल्या फडक्यानं त्यांनी फळ्यावरचे बाण पुसले,
चौकोन राहू दिले,
आणि एका शब्दावर बोट ठेवलं. गिऱ्हाईक.
‘हें उतर कोणाचें?’
सगळ्यांचं, मी म्हटलं.
‘म्हणजे कोणाचंच नाही.’
आणि आठवडाभर मला टेम्पोत बसवलं, शाबी गावकरच्या शेजारी.

हिशेबाच्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणजे नंबर आणि उधारी.
शाबीचं गिऱ्हाईक म्हणजे
कपेलापुढची दुसरी वाट, फणसाखालचं गेट,
कुत्रा बांधलाय का बघ.
सभासद विभागात तर गिऱ्हाईक मरतही नाही,
मुलाच्या नावावर चढतं.
मी या तिघांना एका तक्त्यात कोंबलं होतं,
पन्नास रकाने, निम्मे रिकामे,
एकात चुकून कुत्र्याचं नाव.

मग अकराच्या चार झाल्या.
प्रत्येकीचा शब्द तिच्या घरात, उंबऱ्यावर फक्त निरोप.
एका मागणीला एकच नंबर;
तोच नंबर परत आला तर नारळ नाही, जुनंच उत्तर.
आणि वाट किती बघायची, तेही सेकंदांत लिहून.
हे सगळ्यात जड गेलं.
आमच्या घरात वाट बघण्याला कधी आकडा नव्हता.

रविवारी फेरीनं चोडणला, घरी.
बांधावर शाणू मानशीपाशी उकिडवा बसलेला.
भरती दार लोटून मिटवते,
ओहोटीला आतलं पाणीच ते उघडतं.
दाराला ना नदी माहीत, ना शेत.
मी खूश होऊन त्याला चौकोन-बाण समजावले.
त्यानं ऐकून घेतलं, बिडी विझू दिली.
‘मग तू काय करतोस इथे?’ मी विचारलं.
‘कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात,’ तो म्हणाला,
‘ती बुजवतो.’
आणि कोपरापर्यंत हात चिखलात घातला.

सोमवारी मी भोकं शोधत बसले.
रात्री दोन वाजता, कुणाच्या नकळत,
पगाराची सर्व्हिस उंबरा चुकवून
थेट दराच्या तक्त्यात हात घालत होती.
हंगामात ड्रायव्हरला पोत्यामागे बक्षिसी, म्हणून.
चार ओळी. जुन्यातून जशाच्या तशा मीच उचललेल्या.
वर दुबईवाल्याची टीप, बारा वर्षांपूर्वीची:
तात्पुरतं.