पाल्याचे नाव

मकरपुऱ्याच्या बेअरिंग कारखान्यात
सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे पगार काढले.
माझ्यातून दरमहा कापलेला पी.एफ.
आज मागायला आलेय.

"कारण?"
"शिक्षण. एम.ए., शिल्पकला."
"दीकरो के दीकरी, बेन?"
पंख्याखाली फॉर्म फडफडतो.

कमाटीबागेपलीकडच्या त्या फाटकाशी
भावाचा डबा घेऊन उभी असायचे मी;
आतून छिन्नीचा आवाज,
आणि घरी येईस्तो
चपलांवर पांढरी भुकटी.

म्हातारपणी काय खाशील, विचारतात सगळे.
बरोबरच आहे.
शेवउसळ, बहुतेक.
तिखट झेपेल तोवर.

पाल्याचे नाव: विशाखा मनोहर दिघे.
वय: चोपन्न.
साहेब चष्मा वर करून बघतात,
काही बोलत नाहीत.

नाते:
इथे पेन अडतं.
मागून कुणीतरी खोकतं.