एक जास्त

ताकुआरेम्बोच्या माळावर, लाकडी अरुंद वाटेतून
गाई एकामागे एक.
चौकटीतलं यंत्र दर कानाला वाजतं, टूं,
आणि मायतेच्या पडद्यावर लांबलचक आकडा चढतो.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्याला स्वतःचा जीव नाही.
कुणी हाक मारली
तर त्या हाकेच्याच बळावर
नंबर सांगतो,
पुन्हा गप्प.

दोनशे बारा गेल्या.
यंत्र म्हणतं, दोनशे तेरा.
गाई मागे फिरवल्या, शिव्या घालत पुन्हा हाकल्या.
दोनशे तेरा.
कुत्रा कंटाळून फाटकाखाली पसरला.

चौकटीला टेकलेला म्हातारा एलेउतेरिओ
टोपी मागे सारतो,
कोटाच्या खिशात हात घालतो.
तळहातावर बिल्ला. खाचेत काळे केस अडकलेले.
"मोरोचा. ऑगस्टच्या गारठ्यात गेली. वासरू आडवं आलं."

मायते काही बोलत नाही.
मेलेल्या जनावराचा नंबर खोडायचा असतो,
हे तिच्याआधी त्याला ठाऊक.
तिचं बोट पडद्यावर थांबतं.

"थांब," तो म्हणतो,
आणि मूठ हळूच चौकटीत धरतो.
टूं.

"हं. आता खोड."