तीनशे बैसा

रुवीतल्या आमच्या गल्लीत शटर अर्धं खाली ओढलं होतं,
तेव्हा मापारीचाचा सीपीयू खांद्यावर घेऊन आले,
बागेतून फणस आणावा तसा,
आणि काउंटरवर टेकवून म्हणाले,
"सकाळपासून उठत नाही."

वायर लावली. पडदा काळा.
त्यावर पांढरी एकच ओळ:
सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही,
डिस्क घाला आणि कुठलंही बटण दाबा.
चाचांनी सगळी दाबून पाहिली होती.
एकेक करून.
एंटर दोनदा.

"आत काय आहे?"
"गाव," ते म्हणाले. मग जरा थांबून,
"म्हणजे गावाचं मंडळ. वर्गणी, घरचे फोन,
साठ-सत्तर पोरांच्या पासपोर्टच्या कॉप्या.
लियाकत काल निझव्याला गेला.
गेला म्हणजे,
गेला."

पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत,
तिजोरीची किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर सुट्टीवर.
सकाळी आठला हॉस्पिटलात निदान कॉपी तरी हवी.
"दुसरीकडे कुठे ठेवलंय का हे सगळं?"
उत्तर ठाऊक असूनही मी सगळ्यांनाच विचारतो.
चाचांनी टोपी काढली,
आतून पाहिली,
परत घातली.

पत्रा उघडला. वाळू नव्हे, वाळूचं पीठ,
पंख्याच्या पात्यांवर, केबलींच्या घड्यांत.
मरायला टेकलेली डिस्क टकटकते;
एकदा ऐकलेली ती टकटक कानातून जात नाही.
मी कान लावला.
चाचा माझ्या तोंडाकडे बघत उभे,
आयसीयूच्या दाराशी माणसं उभी राहतात तसे.
जुनी डिस्क एकसुरात घुमत होती,
दुपारी शेजारच्या खोलीतला एसी घुमतो तशी.
केबल काढली, फुंकर मारली, परत लावली.
(फुंकर मारायची नसते, कोर्समध्ये शिकवतात.
सगळे मारतात.)
तीच ओळ. डिस्क घाला, बटण दाबा.

मग सेटिंगच्या निळ्या पानावर गेलो
आणि कोपऱ्यात तारीख दिसली:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
बारा वाजून सात मिनिटं.

"तेव्हा तो आलाच नव्हता," चाचा वाचत म्हणाले.
"अकराला आला. व्हिसा मीच काढून दिला."

बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता, बास.
सेल संपला की मशीन सगळं विसरतं:
तारीख, वार,
आणि उठल्यावर आधी कुठल्या दाराशी जायचं ते.
आत डिस्का दोन. जुनीवर सगळं.
दुसरी गेल्या ईदला घातलेली; तिच्यात फक्त
चाचांच्या गावच्या नव्या बंगल्याचे फोटो,
जिना, टाइल्स, गच्चीचा कठडा,
आणि राहायला कोणी नाही.
मशीन सकाळपासून तेच दार ठोठावत होतं,
आणि आतून ओ येत नाही म्हणून
घरात कोणीच नाही असं सांगत होतं.

नवा सेल बसवला. जुनी डिस्क वर, नवी खाली.
सेव्ह.
पंखा घुरघुरला, झेंडा आला,
मग चाचांच्या नातीचा फोटो, दात पडलेली,
आणि तिच्या गालावर फोल्डरांची रांग.
लियाकत सापडला.
चौकोनात, वीस-बावीसचा,
फोटोग्राफरने सांगितलंय म्हणून न हसणारा.

प्रिंटर आधी खोकला, मग कागद दिला.
खाली बारीक अक्षरात छापून आलं होतं:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
तारीख लावायची मी विसरलो होतो.

लावली. दुसरा कागद काढला.
पहिला मी चुरगळणार तोच
चाचांनी हातातून घेतला,
चार घड्या केल्या
आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

"किती झाले?"
"सेलचे तीनशे बैसा."
त्यांनी रियाल दिला. मी सातशे परत केले.
ते तिथेच स्टुलावर बसले, वही उघडली,
मंडळाच्या खर्चात लिहिलं: सेल, ०.३००,
आणि पुढे तारीख घालताना
मला विचारलं,
"आज किती?"